घशात काहीच नव्हतं

कसबा बावड्यात एखादी म्हैस वैरणीकडे पाठ करून उभी राहिली, तिच्या तोंडातून लाळेची तार लोंबायला लागली, की माणसं जनावरांच्या डॉक्टरला फोन लावायच्या आधी आकारामला हाक मारत. "आकाराम, हात घेऊन ये रं!" अशी ती हाक असे. जणू त्याचा हात एरवी घरात खुंटीला टांगलेला असतो आणि कामापुरता काढून आणायचा असतो.

तो हात होताही निराळा. आकाराम अंगानं आडवा, मान आखूड, चालताना दोन्ही बाजूंना डुलायचा. पण हात लांब, मनगटाशी निमुळते. पाचही बोटं एकत्र जुळवली की त्यांची चोच व्हायची. गावातली कासारीण म्हणायची, "ह्या हातात मी बांगडी डोळं झाकून भरीन."

म्हशीच्या घशात काही अडकलं की एका माणसानं तिची जीभ बाहेर ओढून एका बाजूला धरायची, म्हणजे तिला दाढा मिटता येत नाहीत. आकाराम कोपरापर्यंत गोडेतेल चोपडायचा, डोळे मिटायचा आणि गालाच्या कडेनं हात आत सरकवायचा. "डोळं मिटलं की बोटांस्नी दिसतंय," असं तो म्हणे. मिनिटभरात हात बाहेर, आणि हातात आंब्याची कोय, नाहीतर रताळं, नाहीतर उसाच्या वाढ्याचं टणक बुडखं. म्हैस एकदा खोकायची, मान झटकायची आणि लगेच वैरणीला तोंड लावायची. आकारामच्या हातावर दाढांचे दोन-चार ओरखडे उठलेले असत. ते तो बादलीत धुऊन वर हळद दाबायचा. त्याच्या उजव्या हातावर असे जुने पांढरे ओरखडे किती होते, ते त्याची मुलगी क्रांती लहानपणी मोजायची. एकदा एकतीस भरले होते.

घरात शिरल्या शिरल्या सोप्यात डाव्या हाताला एक कोनाडा होता. घशातून काढलेली एकूण एक वस्तू त्यात ओळीनं मांडलेली होती. सुकून लाकूड झालेल्या कोयी, मक्याचं कणीस, रबरी चेंडू, चपलेचा अंगठा, नारळाच्या करवंटीचा तुकडा. कुठली वस्तू कुणाच्या म्हशीची, हे आकाराम न चुकता सांगे. घरी येणाऱ्या प्रत्येकाला आधी तो कोनाडा बघावा लागे, मग चहा प्यावा लागे. मग येणारा पोस्टमन असो, मीटर बघणारा असो की मतं मागायला आलेला असो. "च्या घेतल्याबिगार पाऊल उचलायचं न्हाय, पावणं," असं म्हणून आकाराम स्वतः दारात आडवा उभा राहायचा.

पहाटे दोन म्हशींचं दूध काढून तो राजारामपुरीत रतीब घालायला जायचा. आधी सायकलवर, मग लुनावर, सव्वीस वर्षं, सातव्या गल्लीपासून बाराव्या गल्लीपर्यंत. तिथल्या बायकांना त्याच्या म्हशींची नावं ठाऊक होती आणि क्रांतीचे मार्कही. क्रांती एकुलती एक. तिनं सूक्ष्मजीवशास्त्र घेतलं तेव्हा तो ते नाव महिनाभर पाठ करत होता. पुढं ती पुण्याला एका प्रयोगशाळेत रेबीजच्या विषाणूवर संशोधन करायला लागली, तेव्हा त्यानं पाठांतर सोडून दिलं. "पोरगी पिसाळल्या कुत्र्याच्या रोगाचं शिकतीया," एवढंच तो सांगे. तिथं रुजू होतानाच तिला त्या रोगाची लस टोचली होती, याचा त्याला फार अभिमान होता. "माझ्या पोरीला आधीच टोचलंय, कुत्रं चावायच्या आधी!"

एखाद्या म्हशीची सुटका केली की संध्याकाळी तो क्रांतीला फोन करायचा. काय अडकलं होतं, किती आत होतं, सगळं सविस्तर. त्या सगळ्या वर्षांत एकदाच त्याचा हात रिकामा बाहेर आला, आणि त्या दिवशी त्यानं फोन केला नाही.

ती अठरा फेब्रुवारी होती, मंगळवार. ऊसतोड चालू होती. दारोदार वाढ्याच्या पेंढ्या पडलेल्या. शेजारच्या कृष्णातची म्हैस दोन दिवस काही खात नव्हती. तिचं नाव मोना. कृष्णातच्या मुलीनं हौसेनं ठेवलेलं. मोनाच्या तोंडातून लाळ गळत होती आणि ती मधूनच घोगऱ्या आवाजात ओरडत होती. वाढ्याचं बुडखं अडकलं असणार, असं कृष्णातनं ठरवूनच टाकलं. त्यानं जीभ धरली. आदल्या दिवशी वैरण कापताना त्याच्या बोटाला विळा लागला होता, त्यावरची चिंधी भिजून गळून पडली. आकारामनं हात घातला.

एरवी परकी वस्तू आत आली की म्हशीचा घसा हातावर आवळतो. ही म्हैस आवळत नव्हती. आत सगळं ढिलं होतं. आकारामनं हात बाहेर काढला, पुन्हा घातला, पुन्हा एकदा घातला.

"काय लागलं का रं?" कृष्णातनं विचारलं.

"कायबी न्हाय."

"बघ की नीट! मग लाळ कशानं गळतीया?"

"आरं, कोपरापत्तर गेलोय. रिकामं हाय."

गुरुवारी मोना मेली. आतड्याला पीळ पडला असेल, असं कृष्णातनं सगळ्यांना सांगितलं. आकारामच्या हातावर दोन नवे ओरखडे होते. हळद लावली, आठ दिवसांत भरले. कृष्णातचं बोटही भरलं.

हे सगळं क्रांतीला फार उशिरा कळलं.

पाडवा रविवारी आला, तीस मार्चला. क्रांती दोन दिवसांसाठी घरी आली होती. गुढी उभी झाली, पुरणपोळ्या झाल्या, आणि दुपारी सोप्यात बसल्यावर आकारामनं विचारलं, "तू तितं नेमकं करतीस काय गं? राजारामपुरीतल्या बायका इचारत्यात. कुत्र्याच्या पुढं माझी गाडी जातच न्हाय."

क्रांती हसली. तिलाही हे कुणाला तरी सोप्या भाषेत सांगून बघायचंच होतं.

"दादा, अंगात कुठलाही परका जंतू शिरला, की ज्या पेशीत तो शिरतो ती आधी बोंब मारते."

"मारायलाच पायजे की."

"ती बोंब म्हणजे एक रसायन असतं. इंटरफेरॉन म्हणतात त्याला. ते शेजारच्या पेशींच्या दारावर जाऊन थडकतं. मग त्या पेशीतला एक निरोप्या उठतो आणि पळत मधल्या खोलीत जातो. सगळे हुकूम त्या खोलीतून सुटतात. निरोप पोचला की कड्या लागतात, हत्यारं निघतात, अंगात ताप चढतो, सूज येते."

"म्हंजे ताप आला तर आपली माणसं जागी झाली म्हणायचं."

"व्हय. पण रेबीजचा विषाणू पहिली बोंबच दाबतो. आणि समजा दाबली गेली नाही, तर त्याच्याकडं एक प्रथिन आहे, ते निरोप्याला अंगणातच धरून ठेवतं. मारत नाही, पाडत नाही, नुसतं धरून ठेवतं. मधल्या खोलीला पत्ताच नाही." तिनं मोबाइलवर एक फोटो उघडून दाखवला. "निरोप्याला हिरवा रंग दिलाय. ह्या पेशीत ते प्रथिन नाही. बघा, मधली खोली हिरवीगार, निरोप्या आत पोचला. आणि ह्या पेशीत आहे. सगळं हिरवं बाहेर, मधलं गोल काळं."

आकारामनं फोटो डोळ्यांजवळ नेला. "म्हशीच्या डोळ्यागत दिसतंय." मग एकदम मांडीवर थाप मारून म्हणाला, "म्हंजे निरोप्याला त्यानं अंगणात च्याला बसवलंय की गं! बसा पावणं, च्या घेतल्याबिगार पाऊल उचलायचं न्हाय!"

आतून विठाबाईंचा, क्रांतीच्या आईचा आवाज आला, "तुमच्यासारखाच हाय की मग त्यो! परवा मीटरवाल्याला तासभर बसवून घेतलासा, शिव्या घालत गेला त्यो."

क्रांती इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हे वाक्य तिनं तिथंच मोबाइलमध्ये लिहून ठेवलं.

"आन् त्याची भावकी हाय का?"

"आहे ना. आफ्रिकेतल्या वटवाघळांत सापडलेले आहेत, आणखी कुठले कुठले आहेत. सगळे तीच युक्ती करतात. कुणी निरोप्याला घट्ट धरतो, कुणी जरा सैल. मी तेच मोजते."

"सोडत न्हाय कोणच?"

"कुणीच नाही."

"आन् ज्याच्या अंगात शिरलाय, त्याला कळतच न्हाय?"

"नाही, दादा. जखम भरून येते. ताप नाही, गाठ नाही. तो नसेच्या आतून मेंदूकडं चालत असतो, आणि वाटेतलं घर मोडत नाही, कारण मोडलं तर आवाज होईल. कधी महिना, कधी तीन महिने. तेवढ्यात लस घेतली तर माणूस वाचतो."

"आन् न्हाय घेतली तर?"

"मेंदूत पोचल्यावर मग काही नाही."

"कायच न्हाय?"

"काहीच नाही."

"लई वंगाळ," आकाराम म्हणाला आणि कप उचलला. उजव्या हातावर दोन ओरखडे अजून गुलाबी होते. क्रांतीला ते दिसले. त्या हातावर ओरखडे नाहीत असा दिवसच तिनं कधी पाहिला नव्हता. तरी तिनं विचारलं, ती सगळ्यांनाच विचारायची, "तुम्हाला कुत्रं-बित्रं नाही ना चावलं कुठं?"

"मला? बावड्यातली कुत्री माझ्या लुनामागं पळत्यात ती साय मिळंल म्हणून!"

ती निश्चिंत झाली. एप्रिलमध्ये प्रयोगशाळेत तिला आपलं काम सगळ्यांसमोर मांडायचं होतं, तेव्हा तिनं चहाला बसवलेल्या निरोप्याचं उदाहरण दिलं. सगळे हसले, तिच्या मार्गदर्शक बाईंनी कौतुक केलं. तिनं फोन करून दादांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते राजारामपुरीच्या सहाही गल्ल्यांना कळलं.

मे महिन्याच्या पाच तारखेला, सोमवारी, आकारामच्या उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. हात उशाला घेऊन झोपल्यामुळं असेल म्हणून विठाबाईंनी तेल चोळलं. मंगळवारी अंग कोमट झालं. बुधवारी तो विनाकारण चिडला, म्हशीवर ओरडला. त्या घरात हे कधी झालं नव्हतं. गुरुवारी म्हणाला, "माझ्या घशात कायतरी अडकलंय." गल्लीतल्या डॉक्टरनं टॉर्च लावून बघितलं. मग शाहूपुरीतल्या घशाच्या डॉक्टरनं नळी घालून बघितलं. घसा स्वच्छ होता.

दुपारी विठाबाईंनी पुण्याला फोन लावला. "दादांच्या घशात कायतरी अडकलंय म्हणत्यात. डॉक्टर म्हणतोय, काय न्हाय. आन् क्रांते, च्या फुडं केला की त्वांड फिरवत्यात गं. कप हातातनं उडवून दिला."

क्रांती प्रयोगशाळेच्या जिन्यात उभी होती. ती खाली बसली. पलीकडून आई "हॅलो, हॅलो" करत राहिली.

रात्रीच्या बसमध्ये पुण्याहून कोल्हापूरला येईपर्यंत तिनं दुसरे सगळे आजार आठवून बघितले. धनुर्वात, लकवा, विषबाधा, मेंदूज्वर. एकेक घट्ट धरून ठेवायचा प्रयत्न केला. कराडच्या पुढं धरायला काही उरलं नाही.

मोठ्या सरकारी दवाखान्यात आकारामला वेगळ्या खोलीत ठेवलं होतं. पंखा बंद होता, कारण वाऱ्याची झुळूक तोंडावर आली तरी त्याचा गळा आवळत होता. दुसरा दिवस उजाडला होता, शुक्रवार. डॉक्टर मुलगी क्रांतीच्याच वयाची होती. तिनं क्रांतीला बाहेर बोलावलं आणि हळू आवाजात सांगायला सुरुवात केली.

"मला माहीत आहे," क्रांती म्हणाली. "मी त्याच्यावरच काम करते."

मग डॉक्टरनं विचारलं, "चावा कधीचा?"

"चावा नाहीच."

"कुत्रं, मांजर, माकड, काहीच नाही? आम्ही तुमच्या आईंना चारदा विचारलं. पण कुठून तरी आलं असणार ना. ज्या जनावरापासून आलं, त्याच्याजवळ आणखी कुणी गेलं असेल तर त्यांना अजून वाचवता येईल. म्हणून विचारते."

दादांसाठी आता करण्यासारखं काही नव्हतं, हे क्रांतीला बसमध्येच कळलं होतं. पण बावड्यात आणखी कुणीतरी असेल, जखम भरून आलेला, धडधाकट, आपल्या कामाला लागलेला. त्याच्या अंगात निरोप्या अंगणातच बसून असेल. त्याला अजून वेळ असेल. किती, ते कुणालाच सांगता आलं नसतं. पंधरा दिवस असेल, नाहीतर आजची संध्याकाळ.

त्या रोगात मधून मधून माणूस अगदी पहिल्यासारखा शुद्धीवर येतो. दुपारी बाराच्या सुमाराला आकाराम तसा आला. क्रांती जवळ बसली होती. त्यानं तिच्याकडे बघितलं, ओळखीचं हसला.

"कवा आलीस?"

"सकाळी, दादा."

"जेवलीस?"

तिनं खोटंच हो म्हटलं.

त्याची बोटं चादरीवर चोचीसारखी जुळत होती, सुटत होती. मग म्हणाला, "माझ्या घशात कायतरी हाय असं वाटतंय. आन् त्यो घशाचा डॉक्टर म्हणतोय, कायबी न्हाय."

"हो, दादा."

"क्रांते, कृष्णाच्या मोनाच्या घशातबी कायबी न्हवतं."

तिला आधी समजलं नाही. "कोण मोना?"

"म्हस त्याची. मेली की, शिवरात्रीच्या आधी. लाळ गळत हुती. म्या तीनदा हात घातला. रिकामं. असं कवा झालं न्हाय म्हणून तुला सांगितलं न्हवतं." तो धापा टाकत थांबला. "लई दिस डोक्यात हुतं, घशात काय न्हाय आन् जनावर गिळत का न्हाय. आता कळलं."

क्रांतीनं त्याचा उजवा हात दोन्ही हातांत धरला. दोन ओरखडे एव्हाना पांढरे झाले होते. जनावराला हा रोग होतो, जनावराच्या लाळेतून तो येतो, हे तिच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर होतं. आणि पाडव्याला समोर बसलेल्या बापाला, उभी हयात म्हशींच्या तोंडात हात घातलेल्या माणसाला, तिनं फक्त कुत्र्याबद्दल विचारलं होतं.

"पाडव्याला मी तुम्हाला विचारायला..."

"त्ये सोड. ऐक आधी. जीभ कृष्णानं धरलेली. त्याच्या बोटाला विळा लागला हुता. ताजा." त्यानं मान उचलायचा प्रयत्न केला. "त्याला टोचायला आण. जा."

"मी फोन करते त्यांना."

तिनं तिथंच फोन लावला. कृष्णात शेतात होता. आधी त्यानं आकारामची चौकशी केली, मग तिचं बोलणं ऐकून म्हणाला, "मला काय धाड भरलीया? मोनाला कुठं कुत्रं चावलं हुतं? तू बापाजवळ बस, पोरी." आणि फोन ठेवला.

"त्यो फोनवर ऐकायचा न्हाय," आकाराम म्हणाला. "तू जा. तुझं शिक्षण हाय, तुझं ऐकंल. वढून आण त्याला."

"दादा, आत्ता मी तुम्हाला सोडून..." ही शुद्ध किती वेळ टिकते, हे तिला माहीत होतं. तासभर, कधी त्याहून कमी.

आकारामनं तिच्या हातातून आपला हात सोडवून घेतला. "माझ्या घशात हात घालून काय गावायचं न्हाय, क्रांते. त्याचं अजून गावंल. जा."

ती गेली. रिक्षात बसल्यावर तिला आठवलं की आपण मागं वळूनही बघितलं नाही.

कृष्णात उसाला पाणी पाजत होता. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात खोरं. क्रांतीला बांधावरून पळत येताना बघून त्याचा चेहरा उतरला. आकाराम गेला, असंच त्याला वाटलं.

"नाना, चला. इंजेक्शन घ्यायचंय."

"आगं, सांगितलं न्हवं? कुत्रं चावलंच न्हाय तिला."

"रात्री गोठ्यात कोण बसतं बघायला? तिच्या अंगावर काही नव्हतं का? आठवा."

कृष्णात आठवत राहिला. पाटाचं पाणी सरीतून फुटून वाया चाललं होतं. "थंडीत नाकाडावर ओरखडा हुता," तो सावकाश म्हणाला. "म्हटलं, तारंचं लागलं असंल."

"चला, नाना."

"पर माझं बोट कवाच बरं झालंय, क्रांती. ह्ये बघ, वण सुदिक न्हाय."

"दादांचंही बरं झालं होतं," ती म्हणाली. "आठ दिवसांत."

कृष्णातनं खोरं खाली टाकलं. पाणी बंद करायचंही त्याला सुचलं नाही. तसाच चिखलाच्या पायांनी, अनवाणी, तो तिच्यामागून रिक्षात येऊन बसला. वाटेत तो एकदाच बोलला. "माझ्या म्हशीपायी झालं गं." क्रांतीनं त्याचा हात धरला आणि दवाखाना येईपर्यंत सोडला नाही. तिला वाटत होतं, सोडला तर हा पळून जाईल.

लसीच्या खोलीत रांग होती. नाव लिहिणं, विचारपूस, बोटापाशी एक इंजेक्शन, दंडात दोन. तिनं आईला फोन करून सांगितलं, "टोचलं." टोचल्यावर अर्धा तास कृष्णातला तिथंच बसवून ठेवलं; ती वर पोचली तेव्हा चार वाजले होते. आकारामला झोपेचं औषध दिलं होतं. मधे दोनदा झटके येऊन गेले होते. आता त्याचे डोळे अर्धवट उघडे होते आणि ते कुणालाच ओळखत नव्हते.

विठाबाई खोलीबाहेर बाकावर बसल्या होत्या. नवऱ्याची लाळ त्यांच्याही हाताला लागली होती, म्हणून त्यांनाही लस टोचली होती. दंडावर कापसाचा बोळा तसाच धरून त्या बसल्या होत्या.

"इचारलं त्यांनी," त्या म्हणाल्या. "आदी इचारलं, आली का. मग इचारलं, कृष्णाला टोचलं का. तुझा फोन आल्यावर म्या सांगितलं, टोचलं. मग त्यांच्या जिवाला बरं वाटलं. मग म्हणाले..." विठाबाईंनी पदर तोंडाला लावला. "म्हणाले, पोरगी उन्हातनं आली असंल, तिला च्या दे."

रविवारी, अकरा तारखेला, सकाळी आकाराम गेला.

तेराव्याला राजारामपुरीतल्या बायका आल्या. त्यांतल्या काहींनी हे घर पहिल्यांदाच पाहिलं. त्या कोनाड्यापुढं उभ्या राहिल्या, पण कुठली वस्तू कुणाच्या म्हशीची ते सांगणारं कुणी नव्हतं. क्रांतीनं आठवायचा प्रयत्न केला. चेंडू कुणाचा, ते तिला आठवलं. चपलेचा अंगठा कुणाचा, ते नाही. आलेल्यांना सरबत दिलं. त्या घरात चहा ठेवायला कुणाचा हात धजत नव्हता.

क्रांती पुण्याला परत गेली नाही. कृष्णातची लस चार दिवसांची होती. टोचलं तो दिवस, मग त्यापुढचा तिसरा, सातवा, अठ्ठाविसावा. तो चुकवेल म्हणून ती थांबली नव्हती; एकही चुकवणार नाही हे तिला ठाऊक होतं. पण दादांनी ओढून आणायला सांगितलं होतं, आणि ओढणं अजून संपलं नव्हतं. रोज सकाळी ती त्याच्या दारात जाऊन विचारायची, "नाना, हाताला मुंग्या?" तो म्हणायचा, "न्हाय." ती परत यायची.

सहा जूनला चौथ्या लसीचा दिवस होता. दोघं दवाखान्याच्या बाकावर नंबरची वाट बघत बसले होते. कृष्णातच्या गुडघ्यावर लसीचं कार्ड होतं, तीन तारखांपुढं खुणा झालेल्या.

"क्रांती," तो म्हणाला, "मला एकदा सांग की. त्यो आत शिरून नेमकं करतो काय? का कळत न्हाय माणसाला?"

तिनं सुरुवात केली. पेशी बोंब मारते. बोंब शेजारच्या दारावर थडकते. निरोप्या उठतो. तिथवर आवाज नीट होता. "आणि मग हा विषाणू त्या निरोप्याला..." ती म्हणाली आणि थांबली.

कृष्णात समोरच्या भिंतीकडे बघत होता. "च्याला बसवतो," तो म्हणाला.

क्रांतीनं त्याच्याकडे वळून बघितलं.

"आकारामनं सांगितलं हुतं मला. पाडव्याच्या दुसऱ्या दिशी, आमच्या गोठ्यात. अक्षी नक्कल करून दावली हुती, दारात आडवा हुबा ऱ्हाऊन. लई हसलो आमी." त्यानं आपलं बोट उलटंसुलटं करून बघितलं. "दोघंबी लई हसलो, बघ."

आतून परिचारिकेनं त्याचं नाव पुकारलं. तो उठला, बाही दंडावर चढवली. दारात जाऊन पुन्हा मागं फिरला.

"हितंच बस. जाताना भाईर दोघं च्या घिऊन जाऊया."

क्रांतीनं मान हलवली. आत चौथ्या तारखेपुढं खूण होईपर्यंत ती त्या बाकावरून हलली नाही.